जागच्या जागी साठचा वेग

जावईबापूंना मोटारसायकलची भीती वाटत नव्हती. ती चालवायची भीती वाटत होती, आणि ह्या दोन गोष्टींत मोठा फरक आहे असं त्यांचं ठाम मत होतं. उभी मोटारसायकल त्यांना फार आवडायची. तिच्यावर फडकं मारणं, तिच्या आरशात बघून भांग सारखा करणं, येणाऱ्याजाणाऱ्याला 'आमच्या सासऱ्यांची, जुनं मॉडेल, आता असं लोखंड मिळत नाही' असं ऐकवणं, हे सगळं त्यांना मनापासून जमायचं. पण स्टँड निघाला आणि दोन्ही चाकं जमिनीला टेकली, की त्यांच्या डोळ्यांपुढे कागद नाचू लागायचे.

कागद नाचायचे ते नोकरीमुळे. जावईबापू विमा कंपनीच्या दावे विभागात होते आणि 'दुचाकी घसरून' ह्या शब्दांनी सुरू होणारे अर्ज त्यांच्या टेबलावर येऊन पडत. वाळूवर घसरून, तेलावर घसरून, ओल्या पानांवर घसरून, आणि एकदा तर एक गृहस्थ उभ्या गाडीवर बसून फोनवर बोलता बोलता, कशावरच न घसरता घसरले होते. माणूस किती परींनी पडू शकतो ह्याचं इतकं सखोल ज्ञान झाल्यावर शहाणा माणूस बसने जातो. जावईबापू बसने जात. लायसन खिशात असे, पण ते ओळखपत्र म्हणून.

तर ही मोटारसायकल अण्णांची, म्हणजे सासऱ्यांची. अण्णांनी जन्मभर टेलिफोनच्या तारा तपासल्या. खांबामागून खांब, ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी ही गाडी घेतली, कारण तिला ए.बी.एस. होतं, म्हणजे कितीही करकचून ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. अण्णा तिला 'डोकं असलेला ब्रेक' म्हणत. एकदा वळणावर रस्त्यात आडवं झाड पडलेलं होतं आणि खाली चिखल. अण्णांनी होता नव्हता तेवढा ब्रेक दाबला, तेव्हा हातातल्या ब्रेकच्या दांडीखाली कुणीतरी बोट वाजवावं तसं टकटक टकटक झालं, आणि गाडी सरळ रेषेत जाऊन झाडाच्या फांदीला नाक लावून थांबली. ही गोष्ट अण्णा इतक्या हळू आवाजात सांगत, की ऐकणारा पुढे वाकल्याशिवाय राहत नसे.

मग अण्णांची नजर गेली. दोन्ही डोळ्यांनी मिळून आता फक्त उजेड आणि अंधार एवढं कळायचं. ते लेकीकडे राहायला आले, सोबत गाडी आली, आणि आल्या आल्या त्यांनी जावयाचा हात हातात घेऊन सांगितलं, की यंत्र बसून राहिलं की मरतं, माणसासारखंच, तेव्हा रोज सकाळी एक फेरी मारून आणत जा. जावईबापूंनी मान डोलावली. अण्णांना ती दिसली नाही, म्हणून तोंडाने 'हो' म्हणावं लागलं. सगळा घोटाळा त्या एका 'हो'तून झाला.

पहिल्या सकाळी जावईबापू हेल्मेट घालून खाली गेले, गाडीवर बसले आणि घामाघूम होऊन उतरले. वर गॅलरीत अण्णा खुर्ची टाकून, कान खाली लावून बसलेले. नुसतं इंजिन चालू ठेवून काम भागेल असं जावईबापूंना वाटलं, तर वरून आवाज आला, "न्यूट्रलला का रडवताय तिला? घाला की गिअर." तेव्हा जावईबापूंच्या सुपीक डोक्यात युक्ती आली. गाडी मधल्या स्टँडवर होती, मागचं चाक अधांतरी. त्यांनी पहिला गिअर टाकला. चाक जागच्या जागी फिरू लागलं. दुसरा, तिसरा, चौथा. काटा साठावर गेला. गाडी तसूभरही हलली नव्हती.

आता अडचण एवढीच, की गेलेल्या गाडीचा आवाज लांब जातो. ह्यावर उपाय बायकोने काढला. पार्किंगला पुढून लोखंडी शटर होतं, साखळीने वरखाली होणारं, आणि मागची बाजू जाळीची असल्यामुळे धूर कोंडायची भीती नव्हती. नवऱ्याने चौथा गिअर टाकला, की बायकोने साखळी ओढून शटर हळूहळू खाली घ्यायचं. आवाज दबत दबत जायचा, थेट रस्त्याच्या टोकाला गेल्यासारखा. थोड्या वेळाने शटर हळूहळू वर, गिअर उतरत्या क्रमाने खाली, आणि जावईबापू फेरीहून परत. वॉचमनने पहिल्या दिवशी हे बघितलं आणि झाडाखाली जाऊन बसला.

हेल्मेट काखेत मारून जावईबापू वर जात आणि अण्णांना फेरीचा वृत्तांत देत. सुरुवातीला 'रस्ता मोकळा होता' एवढंच असे. पण खोट्याचंही एक शास्त्र आहे, त्याला खाणं घालावं लागतं. मग ते संध्याकाळी ऑफिसातून येताना दोन थांबे आधीच बसमधून उतरून कालव्याच्या रस्त्याने चालत येऊ लागले, कुठे खणलंय, कुठे खडी टाकलीय, कुठल्या घराला नवा रंग लागलाय ते बघत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीवरून पाहिल्यासारखं सांगत. अण्णा डोळे मिटून ऐकत. इतकं सुरेख वर्णन जावईबापूंनी उभ्या आयुष्यात कशाचं केलं नव्हतं. ते रंगत गेले, आणि रंगता रंगता त्यांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. एका सकाळी सगळं ऐकून झाल्यावर अण्णा म्हणाले, "एवढं छान आहे तर मलाही घेऊन चला. मागे बसेन. दिसणार नाही, पण वारा तर लागेल."

जावईबापूंच्या हातातला चहा कपातून बशीत आणि बशीतून लेंग्यावर गेला.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसा त्यांना दिव्याचा आधार मिळाला. मीटरच्या कोपऱ्यात ए.बी.एस.चा एक पिवळा दिवा गेले काही दिवस लुकलुकत होता. आजवर त्यांनी तो शोभेचा धरला होता. आता त्यांनी धावत खाली जाऊन तो पुन्हा बघितला, धावत वर येऊन गंभीर चेहरा केला (तोही अण्णांना दिसला नाही) आणि जाहीर केलं, की डोकं असलेल्या ब्रेकच्या डोक्यात बिघाड आहे, अशा गाडीवर वडीलधाऱ्या माणसाला बसवणं आपल्या तत्त्वात बसत नाही. अण्णा म्हणाले, की बरोबर आहे, आधी तो दिवा घालवा. आणि गाडीच्या तपासणीची मुदतही संपत आलीय. दिवा लागलेला असला तर तपासणीवाले पास करत नाहीत, आणि पास नाही झाली तर इतकी जुनी गाडी सरळ भंगारात काढायला लावतात.

हे शेवटचं वाक्य अण्णा अगदी सहज बोलले, पण बोलून झाल्यावर खुर्चीचा हात चाचपत राहिले. जावईबापूंना ते पाहवलं नाही. दिवा राहिला तर गाडी भंगारात, दिवा गेला तर अण्णा मागच्या सीटवर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. पहिले आले ते सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांना गाडी चालवता येत नसे पण गाडीविषयी बोलता सगळं येई. त्यांच्या मते बॅटरी. बॅटरी बदलली. दिवा राहिला. मग त्यांच्या मते जागा. पार्किंगच्या त्या खांबामागून विजेची मोठी केबल जाते, तिच्या ओढीने गाडीच्या मेंदूवर परिणाम होतो, असा सिद्धांत त्यांनी खांबाला हात लावून मांडला. म्हणून जावईबापूंची गाडी सेक्रेटरींच्या जागेवर आणि सेक्रेटरींची मोटार जावईबापूंच्या जागेवर अशी अदलाबदल झाली, त्यात सेक्रेटरींची मोटार खांबाला घासली, आणि सोसायटीच्या तातडीच्या सभेत 'सभासदांनी आपले वाहनदोष आपापल्या जागेत ठेवावेत' असा ठराव एकमताने मंजूर झाला. एकमतात जावईबापूही होते. समोर बसून विरोध करणं त्यांना जमत नसे.

शेवटी सेक्रेटरींनी कानात सांगितलं, की दिव्यावर काळी पट्टी चिकटवा, दिसला नाही म्हणजे नाहीच. जावईबापूंनी पट्टी आणलीही होती. पण हात पुढे होईना. जन्म गेला तो अशा पट्ट्या खरवडून काढण्यात. आणि कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्यांच्याहून जास्त कोणाला ठाऊक असणार.

मग डॉक्टर. हा गाड्यांचा डॉक्टर, पण अंगात पांढरा कोट घालायचा, गळ्यात इंजिन ऐकायची नळी अडकवायचा आणि गाडीला 'पेशंट' म्हणायचा. आपल्यासारखा दुसरा ह्या शहरात नाही हे तो दर तिसऱ्या वाक्याला सांगे, आणि उरलेल्या दोन वाक्यांत त्याची कारणं. त्याने गाडी दवाखान्यात नेली, दिवसभर फिरवली आणि आणून दिली. दिवा विझलेला. दुसऱ्या सकाळी जावईबापूंनी नेहमीप्रमाणे फेरी मारली, म्हणजे मारली नाही, आणि शटर वर येईपर्यंत दिवा पुन्हा लुकलुकू लागला. डॉक्टरने गाडी पुन्हा नेली. पुन्हा दिवा विझला. पुन्हा आणली, पुन्हा लागला. माझ्याकडे पेशंट ठणठणीत असतो आणि घरी गेला की आजारी पडतो, म्हणजे घरच्या वातावरणात काहीतरी आहे, असं डॉक्टर म्हणाला आणि जावईबापूंच्या बायकोकडे पाहू लागला. तिने साखळीने काळे झालेले हात पदरात लपवले.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरने गाडी नेलीच नाही. दिवा लुकलुकत असतानाच पार्किंगमध्ये तिच्या सीटखालच्या खोबणीत आपलं पडदेवालं यंत्र जोडलं आणि जावईबापूंना जवळ बोलावलं. त्याला स्वतःची हुशारी दाखवायला माणूस लागायचाच. दोन्ही चाकांना एकेक दातेरी कडी असते, त्याने दाखवलं, आणि प्रत्येक कडीशेजारी एकेक सेन्सर, समोरून जाणारे दात मोजत बसलेला. दोघांनी मोजलेलं सगळं ह्या आतल्या पेटीकडे येतं. पेटी दोघांचं ऐकून ताडून बघते. गाडी पळतेय आणि एक चाक मात्र थांबलंय असं दिसलं, की तिला कळतं की चाक जाम झालं, आता माणूस घसरणार. मग ती ब्रेक सोडते, धरते, सोडते, धरते, तुमची पापणी लवायच्या आत कितीतरी वेळा.

जावईबापू ऐकत राहिले. दोघांचे जबाब ताडून बघायचे. हे तर त्यांचं काम. अर्जदार म्हणतो गाडी पळत होती, साक्षीदार म्हणतो उभी होती, आणि मध्ये बसून खरं काय ते शोधायचं. ते जे काम टेबल, पंखा आणि दोन कारकून घेऊन महिनाभरात करत, ते ह्या वहीएवढ्या पेटीत, सीटखाली, पापणी लवायच्या आत चाललं होतं. एवढे दिवस आपण जिच्यावर फडकं मारलं ती वस्तू काय आहे हे त्यांना आत्ता कळत होतं.

"आणि आता गंमत बघा," डॉक्टर पडद्यावर बोट ठेवून म्हणाला. "पेटी म्हणते, मागचं चाक जोरात पळतंय आणि पुढचं मुळीच हलत नाहीये. म्हणजे तिच्या मते ही गाडी पुढचं चाक जाम करून भरधाव घसरत चाललीये आणि थांबायचं नावच घेत नाहीये. एवढं कोण घसरतं? अशी गाडी जगात चालूच शकत नाही. म्हणजे पुढचा सेन्सर खोटं बोलतोय."

पुढचा सेन्सर खोटं बोलत नव्हता. मागचाही बोलत नव्हता. सगळ्या पार्किंगमध्ये खोटं बोलणारा एकच प्राणी होता आणि तो डॉक्टरशेजारी उकिडवा बसला होता. रोज सकाळी, वर म्हातारा सुखाने कान लावून बसलेला असताना, खाली ही बिचारी पेटी जिवाच्या आकांताने पडायच्या तयारीत असायची. रोज तिला वाटायचं की आता संपलं, आणि रोज ती दिवा लावून सांगायची, आणि कोणी ऐकत नव्हतं. त्यांनी हळूच हँडलवर हात ठेवला. माफी मागायची असती तर मागितली असती, पण डॉक्टर बघत होता.

खरं सांगावं तर डॉक्टर गावभर करणार. अण्णा वर गॅलरीत बसलेले. खाई त्याला खवखवे, तसे जावईबापू म्हणाले, "बदला मग सेन्सर." डॉक्टरने धडधाकट सेन्सर काढून नवा बसवला. जावईबापूंनी जुना खिशात घातला. तो फेकायला त्यांचा जीव होईना.

त्यांनी बायकोला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. गाडीला कळलंय, असं ते दबक्या आवाजात म्हणाले. बायकोने आधी पदर तोंडाला लावून हसून घेतलं, आणि मग हसणं थांबवून म्हणाली, "अहो, गाडीला कळलं तर अण्णांना किती दिवस कळायचं नाही? एक तर त्यांना खरं सांगा, नाहीतर गाडी चालवा. दोन्ही होत नसेल तर उद्यापासून साखळी तुम्हीच ओढा. माझा खांदा गेलाय."

खरं सांगायचं धाडस नव्हतं आणि चालवायचंही नव्हतं, म्हणून जावईबापूंनी तिसरा मार्ग शोधला. ते असले मार्ग नेहमीच शोधत. त्यांनी गाडी टेम्पोत घालून तपासणी केंद्रावर नेली. तिथल्या खिडकीतल्या बाईंनी कागद उलटेसुलटे पाहिले आणि विचारलं, की वाहन कुठे आहे. टेम्पोत, जावईबापू म्हणाले. बाई म्हणाल्या, की मग ते वाहन नाही, तो माल आहे. मालाची तपासणी शेजारच्या इमारतीत. वाहन स्वतःच्या चाकांवर फाटकातून आत आलं पाहिजे. आणि कागदावर मालक म्हणून जे नाव आहे ते गृहस्थ बरोबर हवेत. ते दिसत नाहीत. मुदत उद्याची. नंतर आलात तर मागच्या दाराने या, भंगारवाले तिकडे बसतात.

परतीच्या वाटेवर जावईबापू टेम्पोत गाडीशेजारी, तिचं हँडल धरून उभे राहिले. दोरीने आवळलेली ती मोटारसायकल त्यांना आज वेगळीच वाटत होती. टेम्पो प्रत्येक खड्ड्यात उडत होता आणि ती मुकाट सहन करत होती. जिने एका म्हाताऱ्याला झाडापासून वाचवलं, जी लबाडी ओळखते आणि तरी दिव्यापलीकडे कुणाला चहाडी करत नाही, ती उद्या भंगारात जाणार, कारण दावे विभागातल्या एका माणसाला कागद दिसतात. त्यांना स्वतःची लाज वाटली. अगदी मनापासून वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अण्णांना जिन्यावरून धरून खाली आणलं. अण्णांनी जुनं हेल्मेट घातलं होतं आणि कुठून कोण जाणे, जुने कातडी हातमोजेही शोधून काढले होते. बायकोने शटर वर केलं आणि सवयीने साखळी हातात धरून उभी राहिली. जावईबापूंनी गाडी स्टँडवरून उतरवली. पुढचं चाक जमिनीवर, मागचं चाक जमिनीवर. किल्ली फिरवल्यावर पिवळा दिवा लागला, तसा तो सगळ्याच अशा गाड्यांचा लागतो, आणि चार पावलं गेल्याशिवाय विझत नाही. अण्णा मागे बसले आणि त्यांनी दोन्ही हात जावयाच्या कमरेला घातले. पाठीला त्यांची छाती लागली. ती धडधडत होती, की आपलीच धडधडतेय, हे जावईबापूंना सांगता आलं नसतं.

पहिला गिअर. गाडी हलली. आयुष्यात प्रथमच तो हँडलबार, तो आरसा, ते फडकं मारून चकचकीत केलेलं सगळं, जावईबापूंना घेऊन खरोखर पुढे सरकलं. फाटक ओलांडायच्या आत मीटरच्या कोपऱ्यातला दिवा एकदा लुकलुकला आणि विझला.

"गेला का?" अण्णांनी विचारलं.

"गेला," जावईबापू म्हणाले. दोन्ही साक्षीदारांचं प्रथमच एकमत झालं होतं.

कालव्याच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांच्या अंगात जरा धीर आला. वारा लागत होता. अण्णा मागून सांगत होते, की आता डावीकडे तुमचं ते नवा रंग दिलेलं घर येईल, पुढे खणलेलं. जावईबापूंनी रोज सांगितलेला रस्ता अण्णांना पाठ होता. खडी टाकली होती ती जागा आली तेव्हा अण्णा म्हणाले, "जपून हं, खडी इथेच म्हणाला होतात." आणि नेमकं तिथेच, उभ्या असलेल्या एका गाडीचं दार काही न बघता कुणीतरी सताड उघडलं.

जावईबापूंनी हातचा ब्रेक, पायचा ब्रेक, जे होतं ते सगळं दाबलं. खडीवर. मागे नजर गेलेला म्हातारा. ह्याहून चोख 'दुचाकी घसरून' त्यांच्या टेबलावर कधी आलं नव्हतं. कुठल्या रकान्यात काय लिहितील तेसुद्धा त्यांना दिसलं. आणि मग हातातल्या दांडीखाली टकटक टकटक टकटक असं काहीतरी वाजू लागलं, बारीक आणि घाईचं, कुणीतरी आतून सांगत असल्यासारखं की मी आहे, मी मोजतोय, तुम्ही फक्त धरून ठेवा. खडी चाकाखाली कुरकुरली. गाडी वाकडी झाली नाही. सरळ रेषेत गेली आणि दारापासून हातभर अंतरावर थांबली.

दारातून उतरलेल्या माणसाने तोंड उघडलं, दोघांचे चेहरे पाहिले आणि पुन्हा मिटून घेतलं. जावईबापू आपल्या बोटांकडे पाहत होते. रोज सकाळी त्यांनी ज्या पेटीला फसवलं, घाबरवलं, जिच्या खऱ्या सेन्सरला खोटं पाडून उपटून टाकलं, तिने वेळ आल्यावर काही मनात ठेवलं नव्हतं. हे सगळं कुणी केलं, कुठल्या माणसांनी बसून ह्याचा विचार केला, ज्यांना जावईबापू माहीत नव्हते आणि अण्णाही नव्हते, तरी एक दिवस ह्या खडीवर हे दोघे येणार म्हणून त्यांनी तयारी करून ठेवली. त्यांचे डोळे भरून आले.

"वाजलं का बोट?" अण्णांनी हळूच विचारलं.

"वाजलं, अण्णा."

"बघा," अण्णा म्हणाले, आणि थोडं थांबून, "आज शटर एकदाच वाजलं."

जावईबापूंनी मान वळवून मागे पाहिलं.

"रोज तुम्ही निघालात की ते करकरत खाली यायचं," अण्णा म्हणाले, "आणि परत आलात की करकरत वर जायचं. आवाज लांब जायचा, पण जाताना तो भिंतीआड जायचा, रस्त्यावर नाही. जन्मभर तारेवरून लांबचे आवाज ऐकलेत मी, जावईबापू. पहिल्याच दिवशी कळलं. म्हटलं, बोलायचं नाही. एका आंधळ्याला बरं वाटावं म्हणून दोन शहाणी माणसं रोज सकाळी एवढा खटाटोप करतायत, असलं कुणाच्या नशिबात असतं? झाडापुढे गाडी थांबली तेव्हाही मला इतकं नवल वाटलं नव्हतं." मग त्यांनी जावयाच्या पाठीवर हातमोज्याचा हात थोपटला. "चला आता. मुदत आजची आहे."

तपासणी केंद्रात गाडी स्वतःच्या चाकांवर, मालकासह फाटकातून आत आली. अधिकाऱ्याने किल्ली फिरवली, पिवळा दिवा लागला, आणि तो म्हणाला, की दिवा लागलाय, नापास. अण्णांनी शांतपणे सांगितलं, की चार पावलं गेल्याशिवाय तो जात नाही. उभ्या गाडीत दिवा गेला पाहिजे असं आमच्या नियमात आहे, अधिकारी म्हणाला. बरीच हुज्जत झाली. शेवटी जावईबापूंनी गाडी हळूहळू पुढे घेतली आणि अधिकारी मीटरवर डोळा ठेवून शेजारून वाकून पळत आला, कागदाचं पॅड छातीशी धरून, आणि दिवा विझताना त्याने स्वतः पाहिला. तो तसाच काही पावलं पळत राहिला, कारण त्यालाही बहुधा ते बघावंसं वाटलं. मग धापा टाकत त्याने सही केली.

घराच्या फाटकातून आत येताना जावईबापूंनी गिअर उतरत्या क्रमाने खाली घेतले, अगदी रोजच्यासारखे, फक्त आज खरे. शटर वरच होतं. खाली बायको अजून तशीच उभी होती, साखळी हातात धरून, आणि वॉचमन झाडाखालून उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला होता.

जावईबापूंनी इंजिन बंद केलं आणि विचारलं, की तू अजून इथेच.

बायकोने हातातल्या साखळीकडे पाहिलं. "आवाज कमी कमी होत गेला," ती म्हणाली. "पार रस्त्याच्या टोकापर्यंत गेला. आणि मी काही ओढलंच नव्हतं."